पिपा, वू मान आणि दहा दिशांचा वेढा

इसवी सनापूर्वी २०२ साली चीनमधल्या गाइश्या या ठिकाणी एक लढाई झाली. एका बाजूला ल्यू बांग, दुसऱ्या बाजूला छू राज्याचा बलाढ्य सेनापती श्यांग यू. ल्यू बांगच्या सैन्याने श्यांग यूला चहूकडून घेरलं. तो वेढा फोडून नदीपर्यंत पोहोचला खरा, पण पुढे जाण्यात त्याला अर्थ वाटेना. नदीकाठीच त्याने स्वतःचा गळा चिरला. ल्यू बांग हान घराण्याचा पहिला सम्राट झाला आणि चीनचा इतिहास पुढे सरकला.

या लढाईवर चिनी लोकांनी नाटकं केली, गोष्टी रचल्या, चित्रं काढली. मला मात्र थक्क करते ती पिपा नावाच्या चार तारांच्या वाद्यावर एकट्याने, कुणाच्याही साथीशिवाय वाजवायची एक रचना. तिचं नाव मराठीत सांगायचं तर 'दहा दिशांचा वेढा'.

सुरुवात नगाऱ्याने होते. उजव्या हाताची बोटं चारही तारांवरून झपाट्याने फिरतात. आधी ठोक्यांमध्ये भरपूर जागा असते, मग ती कमी होत जाते, मग एक ठोका दुसऱ्यात मिसळून नुसता घुमारा उरतो. मग छावणी पडते, सेनापती हुकूम देतात, सैन्य चालू लागतं. लढाई जुंपते तेव्हा डावा हात दोन तारा एकमेकींवर ओढून त्यांना पीळ घालतो आणि उजवा हात त्या पिळावर तुटून पडतो. आता स्वर उरत नाही, लोखंडावर लोखंड आपटल्याचा खणखणाट तेवढा ऐकू येतो. मधूनच एखादी तार इतकी आडवी खेचली जाते, की स्वर किंचाळत वर चढतो आणि तिथेच लटकून राहतो. ऐकणाऱ्याला समोर एकच माणूस बसलाय हे पटत नाही.

याला आवाजांची नक्कल म्हणून बाजूला सारता येणार नाही. नक्कल एकदा ऐकली की तिची गंमत संपते. ही रचना पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटते, कारण तिचा ताण घोड्यांच्या टापांपेक्षा लयीतून येतो. वेग वाढतो आहे असं वाटत असतानाच वादक हात आखडता घेतो आणि ती थांबलेली क्षणभराची शांतता पुढच्या हल्ल्यापेक्षा जास्त भीती घालते. आपल्याकडे चांगला तबलजी समेच्या अलीकडे जी जागा मोकळी ठेवतो, तिची ताकद ज्यांना कळते त्यांना हेही लगेच कळेल.

याच लढाईवर दुसरीही एक रचना आहे आणि मला ती जास्त जवळची वाटते. तिच्यात तीच लढाई हरलेल्याच्या बाजूने सांगितली आहे. रात्री वेढ्यातल्या श्यांग यूच्या कानावर चारी बाजूंनी त्याच्याच मुलखातली गाणी येतात. शत्रूचे सैनिक ती गात असतात. आपला मुलूखही शत्रूला मिळाला, असं त्याला वाटतं. त्याची प्रिया यू त्याचा निरोप घेते आणि जीव देते. रचनेचं नावच आहे 'राजा चिलखत उतरवतो'. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची एक लढाई, जेत्याची एक रचना, पराभूताची एक, आणि दोन्ही त्याच चार तारांवर. ज्या परंपरेने पराभूताचं दुःखही तितक्याच निगुतीने सांभाळलं, तिच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

ही परंपरा चीनबाहेरच्या श्रोत्यांपर्यंत नेणाऱ्या वादकांत वू मान हे नाव पहिल्यांदा घ्यावं लागतं. तिच्याविषयी लिहायचंय, पण त्याआधी हे वाद्य नीट पाहायला हवं. ते कसं आहे हे कळल्याशिवाय तिने काय केलं तेही कळणार नाही.

पिपा दिसायला अर्ध्या कापलेल्या नासपतीसारखी असते. पाठ कठीण लाकडाची आणि पुढची पातळ फळी पावलोनियाच्या हलक्या लाकडाची. वादक ती मांडीवर उभी धरतो, गिटारसारखी आडवी नाही. तारा साधारणपणे सा, म, प आणि वरचा सा अशा लावतात. म्हणजे नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी आपल्या कानाला ओळखीचं काहीतरी भेटतं. उजव्या हाताच्या पाचही बोटांना नखं चिकटपट्टीने बांधलेली असतात. गिटारवादकाची बोटं तार आत ओढतात, तर पिपावादकाची बोटं तार बाहेर फेकतात. पाचही बोटं एकामागोमाग एक त्याच तारेवर फेकली गेली की स्वर न तुटता लांबतो. छेडलेली तार क्षणात विझते, ही या जातीच्या सगळ्याच वाद्यांची अडचण आहे. पिपावादकांनी त्या अडचणीवर पाच बोटांचं हे चक्र काढलं आणि पुढे ते चक्रच वाद्याची ओळख ठरलं. ते सलग, एकसारखं आणि हळू आवाजात फिरवता येणं याला वर्षं लागतात. मोठ्या आवाजात कुणीही फिरवेल. हळू आवाजात फिरवणारा खरा.

डाव्या हाताचं काम आपल्या लोकांना जास्त भावेल. पडद्यांवर तार आडवी ढकलून किंवा खेचून एका स्वरावरून दुसऱ्यावर जायचं. सतारीच्या मींडेशी याचं नातं जोडल्याशिवाय आपलं मन राहत नाही. शांत बाजाच्या रचनांमध्ये सगळा जीव या ओढीतच असतो. पिपाच्या परंपरेत रचनांचे दोन बाज मानतात, एक शांत आणि एक लढाऊ. बाहेरच्या जगाला लढाऊ बाज पटकन आवडतो, कारण त्यात बोटांची करामत दिसते. वू मानला मात्र मी शांत बाजातच ओळखतो. एक स्वर छेडल्यावर पुढचा छेडण्याआधी ती त्या विझणाऱ्या स्वराकडे लक्ष देते. आलाप ऐकत वाढलेल्या माणसाला हे लक्ष देणं ऐकू येतं.

आता एक गोष्ट, जी मला या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे असं वाटतं. पिपा चीनमध्ये बाहेरून आली. नासपतीच्या आकाराची ही वाद्यं मध्य आशियातून रेशीममार्गाने पूर्वेकडे सरकली. तिकडे पश्चिमेला गेलेल्या शाखेतून अरबांचं ऊद आणि युरोपातलं ल्यूट झालं. सहाव्या शतकात एक तुर्क राजकन्या उत्तर चीनच्या सम्राटाची राणी होण्यासाठी निघाली आणि तिच्या वरातीबरोबर कूचा या वाळवंटी राज्यातला सुजीव नावाचा एक पिपावादक आला. सात स्वरांची जी पद्धत त्याने चिनी दरबारात मांडली तिची नोंद सुई राजवटीच्या इतिहासात आहे आणि तिच्यातली काही नावं संस्कृतातून गेली असावीत असं अभ्यासक मानतात. म्हणजे ज्याला आपण चिनी परंपरा म्हणतो तिच्या पायात भारतीय स्वरविचाराचाही एक दगड आहे.

थांग काळात, म्हणजे सातव्या ते दहाव्या शतकात, पिपा चीनमध्ये अतोनात लोकप्रिय झाली. तेव्हा ती आडवी धरून मोठ्या पातीने वाजवायचे. तुनह्वांगच्या लेण्यांत एक नर्तकी ती पाठीमागे धरून वाजवते आहे. जपानमधल्या नारा इथल्या शोसोइन भांडारात आठव्या शतकातलं शिंपल्याच्या जडावाचं पाच तारांचं वाद्य आजही जपलेलं आहे आणि त्याच्यावर उंटावर बसलेला एक वादक कोरलेला आहे. वाद्यानेच आपला प्रवास अंगावर कोरून घ्यावा तसं. जपानला गेल्यावर आपल्या सरस्वतीची बेंझाइतेन झाली आणि तिच्या हातात वीणेच्या जागी बिवा आली. बिवा म्हणजे पिपाचीच जपानी बहीण. इकडे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रातही एक किन्नर वीणा छेडताना दिसतो. अजिंठा पाहताना आपले डोळे पद्मपाणीच्या चेहऱ्यावरून हलत नाहीत, पण पुढच्या वेळी त्या किन्नराकडेही जरा थांबून पाहा. कुठल्याही देशाच्या वाद्याला 'आमचं शुद्ध' म्हणताना हे प्रवास आठवावेत.

विसाव्या शतकात पिपा पुन्हा बदलली आणि हा बदल मोठा होता. रेशमाच्या तारा गेल्या, पोलादाच्या आल्या. पोलादावर माणसाचं नख टिकत नाही, म्हणून कृत्रिम नखं आली. आवाज मोठा झाला, सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचू लागला. जुन्या वाद्यावर पडदे कमी होते आणि त्यांतले काही स्वर पियानोच्या सुरांत कुठेच बसत नव्हते. नव्या पिपावर तिसाच्या आसपास पडदे आले आणि सगळे पियानोच्या समान अंतरांवर बसवले गेले. आता ती कुठल्याही वाद्यवृंदाबरोबर वाजू शकते. या बदलाने दार उघडलं हे खरं आहे, आणि काहीतरी गमावलं हेही खरं आहे. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि १९७१ पर्यंत ती चालली, त्यामागचा वाद श्रुतींचाच होता. आपण त्या वादात अजूनही अधूनमधून पडतो. मला स्वतःला रेशमी तारांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतला तो जरा धुरकट, जवळून बोलल्यासारखा आवाज फार हवाहवासा वाटतो. पण पोलादी तारांशिवाय वू मान घडली नसती, हेही मान्य करायला हवं.

तिचा जन्म १९६३ चा, हांगचौचा. वडील चित्रकार. नवव्या वर्षी तिच्या हातात पिपा आली. तो सांस्कृतिक क्रांतीचा काळ होता, संगीत शिकवणाऱ्या संस्था बंद किंवा मोडकळीला आलेल्या होत्या. १९७६ नंतर बीजिंगच्या सेंट्रल कॉन्झर्व्हेटरीचे दरवाजे पुन्हा उघडले आणि परीक्षा देऊन आत आलेल्या पहिल्या मुलांमध्ये किशोरवयातली वू मान होती.

तिथे तिला लीन श्रचंग आणि ल्यू दहाई असे गुरू मिळाले. पिपाचीही घराणी आहेत आणि लीन श्रचंग पुदोंग घराण्याचे. शांघायजवळच्या पुदोंगमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गुरूकडून शिष्याकडे गेलेला हा बाज. त्यांचे गुरू शन हाओचू पेशाने वैद्य होते आणि त्यांनी १९२९ साली घराण्याच्या रचना लिपीबद्ध करून छापल्या. रोगी तपासायचे आणि संध्याकाळी पिपा शिकवायची, ही कल्पना मला फार आवडते. आपल्याकडे भातखंडे वकील होते, आणि त्यांनीही हेच केलं. ल्यू दहाईंनी वाद्य दुसऱ्या दिशेला नेलं. १९७३ साली वादळात मेंढ्या वाचवणाऱ्या दोन मंगोल बहिणींच्या गोष्टीवर पिपा आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांच्यासाठी एक कॉन्चेर्तो, म्हणजे एका वाद्याला पुढे ठेवून वाद्यवृंदाबरोबर वाजवायची मोठी रचना, झाला. त्याच्या रचनाकारांत ल्यू दहाई होते आणि १९७९ साली संचालक सेइजी ओझावाच्या बॉस्टन सिंफनी या वाद्यवृंदाबरोबर त्यांनी तो वाजवला. एका गुरूकडून घराण्याची मुळं, दुसऱ्याकडून मोकळं मैदान. १९८७ मध्ये पिपावादनात मास्टर्स पदवी मिळवणारी ती पहिली.

आणि १९९० मध्ये तिने हे सगळं सोडलं आणि अमेरिकेला गेली. बीजिंगमध्ये तिच्या नावाला वजन होतं. तिकडे पिपा म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि तिला इंग्रजी येत नव्हतं.

अशा वेळी परदेशात गेलेल्या कलाकारासमोर दोन सोपे रस्ते असतात. एक म्हणजे आपल्याच देशाच्या स्थलांतरितांसाठी, सणासुदीला, ओळखीच्या त्याच रचना वाजवत राहायचं. यात वाईट काही नाही. न्यूजर्सीच्या आणि बे एरियाच्या महाराष्ट्र मंडळांतल्या दिवाळी पहाटेने कितीतरी लोकांचं गाणं जिवंत ठेवलं आहे. दुसरा रस्ता म्हणजे कुठल्यातरी प्रसिद्ध बँडच्या गाण्यात आठ मात्रांपुरतं येऊन पूर्वेचा सुगंध शिंपडून जायचं. या दुसऱ्या रस्त्याचा मला मनस्वी तिटकारा आहे. त्यात वाद्याची वाढ होत नाही, ते तिथे केवळ सजावटीला असतं.

वू मानने तिसरा रस्ता धरला. तिने संगीतकारांना पिपासाठी नवीन लिहायला लावलं. हेच मला तिचं सगळ्यात मोठं काम वाटतं. १९९२ साली चौ लोंगने पिपा आणि चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या रचनेपासून क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवादकांच्या अमेरिकन संचाशी तिचं नातं जुळलं आणि ते दीर्घकाळ टिकलं. या मंडळींबरोबर तिने वाजवलेल्या रचनांतली १९९४ ची चिनी संगीतकार तान दुनची 'घोस्ट ऑपेरा' हे माझ्या मते गेल्या तीसेक वर्षांतल्या संगीतातलं एक शिखर आहे.

तान दुन हूनानमधल्या खेड्यात वाढला. तिथे मृत्यूच्या वेळी मांत्रिक भूतकाळाशी, भविष्याशी, निसर्गाशी बोलतात, ते त्याने लहानपणी पाहिलेलं. त्यातून हे काम आलं. रंगमंचावर पाण्याची भांडी आहेत, दगड आहेत, कागद आहे, धातूच्या झांजा आहेत. वादक एका जागी बसून राहत नाहीत. बाखच्या एका प्रिल्यूडचे सूर व्हायोलिनवर येतात आणि त्यांना पिपावरून एक चिनी लोकगीत उत्तर देतं. ते गाणं आई गेलेल्या एका लहान मुलीचं आहे. बाख आणि ती आईविना मुलगी एकाच खोलीत, आणि कुणी कुणाची साथ करत नाही. दोघं आपापल्या जागी खरे राहतात. वू मान तिथे गातेही, आणि तिचा आवाज कुठे शिकलेला वाटत नाही, स्वयंपाकघरातून आल्यासारखा वाटतो. यातून पिपा बाजूला काढली तर रचना कोसळेल. आपलं वाद्य पाहुणं असावं की घरचं, याचं उत्तर इथे मिळतं.

लू हॅरिसन हा अमेरिकन संगीतकार जावाच्या गामेलान या वाद्यवृंदावर आयुष्यभर प्रेम करत आलेला. ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, १९९७ साली, त्याने वू मानसाठी पिपा आणि तंतुवाद्यवृंदाचा कॉन्चेर्तो लिहिला. ही त्याची शेवटची मोठी रचना. त्यात एका तुकड्यात पिपा नेपल्सच्या मँडोलिनसारखी बागडते, दुसऱ्यात पिपा, चेलो आणि बास यांचे वादक आपल्याच वाद्यांच्या लाकडावर ठोके देऊन एक खेळकर त्रिकूट रचतात, तिसऱ्यात चिनी संगीतकार ल्यू त्येनह्वासाठी एक शोकगीत आहे. म्हातारा माणूस नवीन खेळणं हातात आल्यावर जितका आनंदी होऊ शकतो तितका आनंद या संगीतात आहे.

टेरी रायलीचं नाव निघालं की मराठी माणसाने कान टवकारावेत. १९७० पासून रायली पंडित प्राणनाथ यांचा शिष्य होता. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांच्या तालमीतले. ज्या घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि ज्याने आपल्याला सवाई गंधर्व, हिराबाई, भीमसेन दिले, त्याच घराण्याचं पाणी कॅलिफोर्नियाच्या या अवलियाच्या संगीतात मुरलं आहे. त्याने २००४ साली क्रोनोस आणि वू मानसाठी 'द कस्प ऑफ मॅजिक' लिहिली. त्यात लहान मुलांच्या खेळण्यांचे आवाजसुद्धा आहेत. एकाच स्वरावर रेंगाळत, त्याच्याभोवती हळूहळू घर बांधत जाण्याची जी सवय या रचनेत दिसते, ती कुठून आली असेल याचा मला अंदाज येतो. किराण्याचा आलाप आणि पुदोंगची पिपा असे एका वाटेवर भेटतील असं कुणी ठरवून घडवलं नसतं.

इतरही कामं पुष्कळ आहेत. जॅझमधल्या हेन्री थ्रेडगिलच्या अल्बममध्ये तिची पिपा आहे. फिलिप ग्लासच्या ऑपेरात आहे. व्हाइट हाउसमध्ये वाजवणारी ती पहिली चिनी कलाकार. २०१३ मध्ये 'म्युझिकल अमेरिका'ने तिला वर्षातली सर्वोत्तम वादक ठरवलं, परंपरागत वाद्य वाजवणाऱ्या कुणाला हा मान तोवर मिळाला नव्हता. २०२३ मध्ये अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली. मान मिळाले ते चांगलंच झालं, पण थ्रेडगिलबरोबरच्या कामाविषयी मला जास्त कुतूहल वाटतं. चिनी कॉन्झर्व्हेटरीत लिहिलेलं जसंच्या तसं वाजवायचं शिक्षण असतं, उपज शिकवत नाहीत. त्या शिस्तीत वाढलेल्या वादकाने तिशीनंतर जॅझवाल्यांच्या संगतीत बसून न लिहिलेलं वाजवायला शिकायचं, याला फार मोठं धाडस लागतं. आपल्या कलाकारांना उपज जन्मापासून मिळते, म्हणून तिची किंमत आपल्याला कळत नाही.

चेलोवादक यो-यो माने १९९८ साली सिल्क रोड प्रकल्प सुरू केला आणि २००० मध्ये त्यातून जे वादक एकत्र आले त्यांत ती पहिल्यापासून होती. इराणचा कमानचावादक केहान कल्होर, बनारस बाजाचे आपले संदीप दास तबल्यावर, आणि पिपा. या मंडळींच्या 'सिंग मी होम' या अल्बमला २०१७ साली ग्रॅमी मिळालं. पिपा आणि तबला एकत्र ऐकले की एक गोष्ट जाणवते. दोन्ही वाद्यांचा नाद लगेच विझतो, दोघांनाही बोटांच्या गतीनेच स्वर जिवंत ठेवावा लागतो. संदीप दासांच्या रेल्याला वू मानचं पाच बोटांचं चक्र उत्तर देतं तेव्हा तो संवाद दोन शेजाऱ्यांचा वाटतो.

इथपर्यंतची गोष्ट बाहेर जाण्याची झाली. वू मान मोठी का वाटते, तर ती परतही गेली म्हणून.

शान्शी प्रांतातल्या ह्वायिन भागात झांग नावाचं एक कुटुंब आहे. सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ करणारं. त्यांचं गाणं म्हणजे ओरडणं आणि गाणं यांच्या सीमेवरचं, मातीतून उसळलेलं. त्यातला एकजण लाकडी बाक उचलतो आणि ठोकळ्याने तो बडवत ताल धरतो. वू मान शहरात, कॉन्झर्व्हेटरीत वाढलेली. आपल्याच देशाच्या अशा संगीताशी तिची ओळख परदेशात नाव झाल्यावर, मुद्दाम खेड्यांत फिरून झाली. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलने चिनी संगीताचा महोत्सव भरवला, तेव्हा तिने झांग कुटुंबाला तिथे नेलं. स्वतःला पुढे करायची संधी असताना तिने तो मंच बाक बडवणाऱ्यांना दिला. मला हे तिच्या कुठल्याही कॉन्चेर्तोपेक्षा मोठं वाटतं. आपल्याकडे शास्त्रीय मैफिलीच्या मंचावर गोंधळी किंवा शाहीर असे, त्यांच्याच अटींवर, पूर्ण वेळ देऊन किती वेळा बसवले जातात? बसवले जातात तेव्हा बहुतेक वेळा प्रस्तावनेपुरतेच. हे मला खुपतं.

मग ती आणखी मागे गेली, पिपा जिकडून आली त्या वाटेवर. २०१२ मध्ये 'बॉर्डरलँड्स' हा अल्बम आला. त्यात उइगुर आणि ताजिक कलावंत आहेत, सनुबर तुरसुनसारखी गायिका आहे, दुतार आणि रवाप ही तंतुवाद्यं आहेत, डोयरा हा डफ आहे. तिथे वू मान पाहुणी आहे हे ती विसरत नाही. तिची पिपा मागे थांबते, दुतारची लय ऐकते, मग त्या लयीत हळूच पाऊल टाकते. ज्या पडद्यांतून जुने सूर विसाव्या शतकात गाळले गेले होते, ते सूर तिला तिथल्या गळ्यांत आणि वाद्यांत भेटले. नव्या पिपावर ते वाजवायचे तर तार खेचूनच त्यांच्यापर्यंत जावं लागतं, आणि तसं जाताना तिच्या डाव्या हाताचं शिक्षण कामी येतं. त्याआधी, २००५ मध्ये, तिने अ‍ॅपलाचियाच्या डोंगराळ भागातला बँजो, युक्रेनचा बंडुरा आणि युगांडाची तंतुवाद्यं यांच्यासोबत एक अल्बम केला होता. त्यात कुणीच कुणावर कुरघोडी करत नाही. छेडून वाजवायच्या वाद्यांची ती एक बैठक आहे, एवढंच.

परंपरा टिकवणं म्हणजे तिच्याभोवती कुंपण घालणं, असं मानणाऱ्यांशी माझं पटत नाही. परंपरा जगभर नेणं म्हणजे तिला सोपं, गोड आणि वेगवान करणं, असं मानणाऱ्यांशीही पटत नाही. वू मानच्या कामात मला दोघांनाही उत्तर दिसतं. तिने आपल्या वाद्यासाठी अवघड गोष्टी मागितल्या, अवघड संगीतकारांकडे गेली, अवघड श्रोत्यांसमोर बसली, आणि खेड्यात जाऊन जमिनीवर बसून शिकायचीही तयारी ठेवली. आपल्या सारंगीला, रुद्रवीणेला, सनईच्या जातीच्या सुंद्रीला अशी माणसं मिळाली तर काय होईल याचा विचार मी नेहमी करतो. सारंगीसाठी आज कोण नवीन लिहितो आहे? सोलापूरच्या सुंद्रीसाठी? हा प्रश्न केवळ वादकांना नाही, आपल्या महोत्सवांनाही आहे. नवीन रचना मागवायला पैसे लागतात, आणि ते पैसे मंडपाच्या सजावटीतून सहज निघतील.

वू मान ऐकायची असेल तर थेट 'घोस्ट ऑपेरा'पासून सुरू करू नका. आधी तिची एकटीची, शांत बाजाची एखादी रचना ऐका, रात्री, घरातले आवाज निवल्यावर, आणि छेडलेला स्वर विझेपर्यंत त्याच्या मागे जा. मग 'दहा दिशांचा वेढा' ऐका. मग हॅरिसनचा कॉन्चेर्तो, कारण तो ऐकून माणूस खूश होतो. 'घोस्ट ऑपेरा' मात्र शक्य असेल तर पाहा, नुसती ऐकू नका. पाण्यात बुडवलेल्या हातांचं काम डोळ्यांनी पाहिलं तरच ते कुठल्या क्षणी पिपाच्या हाती दिलं जातं हे कळतं. झांग कुटुंबाचं गाणं सर्वात शेवटी ठेवा आणि आवाज मोठा करा.